पाचवा पाय

वहिनी : दोन महिन्यांपूर्वी करवतीचं पातं बोथट होतं. मागच्या महिन्यात मोटरचा पट्टा सैल झाला होता. आज काय सांगणार आहात भाऊजी, ते एकदाच सांगून टाका, म्हणजे मी वर जाऊन स्वयंपाकाला लागते.

भाऊजी : आज डोळे, वहिनी. नंबर वाढलाय.

वहिनी : सकाळी दारात बसून पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचत होतात. मी वरच्या खिडकीतून बघत होते.

भाऊजी : वाचत नव्हतो. नुसता धरला होता.

वहिनी : माझ्या टेबलाचे तीन पाय झालेत. वरची फळी घासून झालीय, खण झालाय. ह्यांनी जायच्या आधी पंधरा दिवस इथे उभं राहून केलं सगळं, धाप लागत होती तरी. एक पाय राहिला. आठ महिने झाले ह्यांना जाऊन आणि माझं शिलाई मशीन अजून फळांच्या खोक्यावर बसलंय.

भाऊजी : दादा तर तीस वर्षं म्हणत होते, पुढच्या महिन्यात तुझं टेबल करायला घेतो म्हणून.

वहिनी : आधी ते म्हणायचे, आता तुम्ही म्हणता. भागीदारी अशी चालवावी.

भाऊजी : बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतोय.

वहिनी : तोही पुढच्या महिन्यात होणार असेल.

भाऊजी : थांबा हं, फोन वाजतोय. हॅलो? हो, मीच. हो, मिळाला का पत्ता? या ना, उद्या सकाळी या. नाही हो, एकदम चालू आहे. पातं मागच्याच महिन्यात धार लावून आणलंय, पट्टा नवा टाकलाय. दोनच माणसांचे हात लागलेत त्या करवतीला, दोघंही जपून वापरणारे. हो. ठेवतो.

वहिनी : पट्टा नवा टाकलाय? धार पण लावून आणलीय.

भाऊजी : वहिनी, मी आज सांगणारच होतो तुम्हाला.

वहिनी : करवत विकताय.

भाऊजी : करू काय ठेवून? रंध्याचं, हातकरवतीचं काम मी करीन एकटा. पण मोठी करवत एकट्याने चालवायची नाही, हा दादांचाच नियम. दुसरं माणूस दुकानात असल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. एकतीस वर्षं पाळला. आता दुसरं माणूस कुठून आणू?

वहिनी : तुम्हाला नियम पाळू नका असं कुठं म्हणतेय मी? विका. तुमची पण आहे ती. पण माझा पाय करून द्या आणि मग विका. मी बसते की इथे दुसरं माणूस म्हणून.

भाऊजी : लाकूड कुठाय? त्याच लाकडाचा पाहिजे ना? शाळेच्या जुन्या बाकांचं होतं ते, दादांनी लिलावात निवडून निवडून आणलेलं. संपलं.

वहिनी : संपलं कसं? पाचवा कुठाय?

भाऊजी : कोण पाचवा?

वहिनी : वेड पांघरू नका. टेबलाला चार पाय लागले की हे पाच कापायचे. पाचही चौकोनी करून, खाचा पाडून, फुल्या घालून तयार. त्यातले चार निमुळते करायचे आणि पाचवा तसाच त्या कोपऱ्यात ठेवायचा. मला माहीत नाही का? झाडताना दर वेळी तो ढीग माझ्या पायावर यायचा. सरका जरा.

भाऊजी : वहिनी, राहू द्या, कुसळं लागतील हाताला.

वहिनी : लागू देत. हा कोणाचा? केवढा जाड आहे.

भाऊजी : तो वाचनालयाच्या टेबलाचा. बारा फुटी होतं ते. दारातून आत जाईना, तेव्हा खिडकीची चौकट काढून आत घेतलं आम्ही. तिथला म्हातारा ग्रंथपाल शेवटपर्यंत ओरडत होता, हळू बोला, हळू बोला.

वहिनी : आणि हा बारीक?

भाऊजी : बालवाडीचा. सहा टेबलं होती छोटी, असे अजून पाच सापडतील तुम्हाला. मी म्हटलं दादा, सगळी टेबलं सारखीच आहेत, सहांना मिळून एक पाचवा पुरे. म्हणाले, नाही, प्रत्येक टेबलाला आपापला पाचवा पाहिजे.

वहिनी : असेच होते. चहासुद्धा दुसऱ्याच्या कपातून घ्यायचे नाहीत. हा बघा, ह्याला अजून वास आहे. डॉक्टरीणबाईंचा ना? त्यांना आरशाचं टेबल हवं होतं, आणि ह्यांनी तीनदा मापं बदलून दिली होती.

भाऊजी : चारदा. चौथ्यांदा मीच गेलो होतो, कारण दादा रुसून बसले होते. त्याच्या खालचा बेकरीवाल्याचा, कणीक मळायच्या टेबलाचा. तो वाकडा दिसतोय तो वकिलांचा. सगळं गाव आहे बघा ह्या ढिगात.

वहिनी : तुमचं दोघांचं पहिलं टेबल कुठलं? त्याचा पाचवा दाखवा मला.

भाऊजी : त्याला पाचवा नाही.

वहिनी : का?

भाऊजी : तेव्हा चारच कापले होते. त्यातला एक मी बिघडवला. फुलीच्या घोळात. दादा फुली घालायचे ती कापून टाकायच्या बाजूला. मी ज्यांच्याकडे शिकलो तिथे फुली म्हणजे राखायची बाजू. पहिल्याच महिन्यात मी त्यांची फुली माझ्या पद्धतीने वाचली आणि नको ती बाजू कापून बसलो. गिऱ्हाईकाचं लाकूड होतं, महागातलं.

वहिनी : बोलले असतील.

भाऊजी : एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी नवं लाकूड घेऊन आले. म्हणाले, तू तुझ्या फुल्या घाल, मी माझ्या घालतो, एकमेकांची लाकडं कापायची नाहीत म्हणजे झालं. आणि पुढच्या टेबलापासून पाच पाय कापायला लागले. का ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

वहिनी : आणि त्यानंतर कितीदा लागला पाचवा?

भाऊजी : एकदाही नाही. म्हणून तर एवढा ढीग झालाय.

वहिनी : तुमच्यासाठी ठेवायचे ते. आणि मला वाटायचं, वाया घालवायची हौस. मी किती बोलायचे त्यांना त्यावरून. हे काय आहे पोत्यात?

भाऊजी : ते नका काढू.

वहिनी : हे तर त्याच लाकडाचं आहे. माझ्याच टेबलाचं.

भाऊजी : वहिनी.

वहिनी : निमुळता केलाय. पण खाचा ह्या बाजूला आणि निमुळता बाहेरून. उलटा झालाय. हे ह्यांच्या हातून झालं? शेवटी दिसत नव्हतं का त्यांना? मला म्हणायचे, सगळं दिसतंय, तू उगाच काळजी करतेस. आणि हा असा पोत्यात गुंडाळून लपवून ठेवला, मला कळू नये म्हणून. आयुष्यात एक पाय चुकला नाही त्यांचा आणि शेवटचा, तोही माझ्या टेबलाचा...

भाऊजी : दादांनी नाही केला.

वहिनी : मग?

भाऊजी : मी केला. ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी. तुम्ही बहिणीकडे गेला होता. म्हटलं, परत याल तेव्हा टेबल उभं दिसेल. दुकान उघडलं, एकट्यानेच करवत लावली. लाकडावर त्यांची फुली दिसली, लाल पेन्सिलीची, आणि मला रडू यायला लागलं. थांबायला पाहिजे होतं तिथेच. नाही थांबलो. करवत बंद ठेवून आधी कोरडी फेरी करायची, तीसुद्धा केली नाही.

वहिनी : एवढ्या वर्षांनी फुली विसरलात?

भाऊजी : माहीत होतं हो, चांगलं माहीत होतं. डोक्याला माहीत होतं, हाताने आपली सवय धरली. खाचा समोर दिसत होत्या तरी कळलं नाही. पहिली बाजू कापली, दुसरी कापली, करवत बंद केली आणि मग कळलं. आठ महिने तुम्हाला पातं नि पट्टा सांगतोय. लाज वाटत होती.

वहिनी : मघाशी गप्प राहिला असतात तर मी ह्यांचीच चूक समजले असते.

भाऊजी : म्हणून तर बोललो. त्यांच्या नावावर कसा घालू? शिव्या दिल्यात तरी चालेल.

वहिनी : मला वाईट वाटतंय ते वेगळ्याचंच. तुम्ही इथे एकटे रडत होता आणि मी तिकडे बहिणीकडे एकटी. एकत्र तरी रडलो असतो. पोत्यात अजून एक आहे बघा.

भाऊजी : तो पाचवा. शेवटचा. म्हणून तर धीर होत नाही. हा बिघडला तर संपलंच. ह्या लाकडाचं आता टीचभर सुद्धा कुठे मिळणार नाही.

वहिनी : तर मग तुम्ही नका कापू. मी कापते.

भाऊजी : काय?

वहिनी : मी कापते म्हटलं. तुम्ही पलीकडे उभे राहा, जिथे मी उभी राहायची.

भाऊजी : वहिनी, ती काय भाजी चिरायची विळी आहे का? तुम्ही कधी बटणाला हात लावलाय?

वहिनी : बटणाला नाही लावला. पण लांब फळी असली की ह्यांनी वर हाक मारायची, जरा पलीकडून धर. मी तीस वर्षं पलीकडून धरलंय. धरायचं, ओढायचं नाही. ढकलणारा एकच असतो. हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं मला, लग्नाला आठ दिवस झाले होते.

भाऊजी : धरणं वेगळं, कापणं वेगळं.

वहिनी : विचारा मग. काय विचारायचं ते विचारा.

भाऊजी : असं परीक्षेसारखं... बरं. पातं किती वर ठेवायचं?

वहिनी : लाकडाच्या वर दोन सूत, पाव इंच. जास्त नाही. जास्त वर काढलं तर कापतं तेवढंच, फक्त बोटाला जास्त दिसतं, असं म्हणायचे.

भाऊजी : पात्यामागचा तो पत्रा कशाला?

वहिनी : चिरलेलं लाकूड परत मिटू नये म्हणून. मिटलं तर पात्याला चिमटा बसतो आणि लाकूड मागे उसळतं, थेट ढकलणाऱ्याच्या पोटात. म्हणून पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. ह्यांनी जमिनीवर पिवळी रेघ मारली होती ती अजून आहे की. तुम्ही भुसा झाडलात तर दिसेल.

भाऊजी : आणि कापलेला तुकडा?

वहिनी : पातं पूर्ण थांबेपर्यंत शिवायचा नाही. बंद केल्यावर मनात दहा मोजायचे. हात पात्यापासून वीतभर लांब, त्याच्या आत फक्त ढकलकाठी. बाह्या वर, केस बांधलेले, हातमोजे नाहीत. खिडकी उघडी असायची, भाऊजी. तुमच्या दुकानात जो कोणी शिकायला आला त्या प्रत्येकाला ह्यांनी हे ऐकवलंय आणि दर वेळी मला वर ऐकू गेलंय. अंगाईसारखं पाठ आहे मला.

भाऊजी : पाठ असणं ठीक आहे. पण हा साचा बघा. पाय ह्यात तिरका बसतो, साचा गाईडला, ह्या उभ्या पट्टीला, टेकवून सरळ ढकलायचा, मग पाय निमुळता कापला जातो. आता हा साचा दादांनी त्यांच्या हातासाठी केलाय. गाईड डावीकडे, ढकलायचं डाव्या हाताने. मलाच जमत नाही तो नीट. तो बिघडलेला पाय ह्याच साच्यावर केला मी, हात अडखळत होता सारखा. तुम्हाला कसा जमेल?

वहिनी : मी डावरीच आहे.

भाऊजी : कोण, तुम्ही?

वहिनी : तीस वर्षं माझ्या हातचा चहा पिताय.

भाऊजी : उजव्या हाताने देता की.

वहिनी : देते उजव्या हाताने. शाळेत बाई पट्टी मारायच्या डावा हात पुढे आला की, मग लिहायला उजवा, वाढायला उजवा, चारचौघांत सगळं उजवं. पण कात्री डावीच. ह्यांनी पहिल्या आठवड्यात ओळखलं. मी कापड बेतत होते, हे मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, अरे, तू पण? मला हसूच आलं. टेबलाचा खण त्यांनी कुठल्या बाजूला केलाय, बघितलात?

भाऊजी : डावीकडे आहे. मी म्हटलं, दादांनी सवयीने स्वतःच्या हाताला केला.

वहिनी : माझ्या हाताला केलाय. कात्री ठेवायला.

भाऊजी : एवढी वर्षं मला कळलं नाही.

वहिनी : तुम्हाला बऱ्याच गोष्टी कळत नाहीत, म्हणून तर ते पाच पाय कापायचे. द्या तो ॲप्रन.

भाऊजी : हा दादांचा आहे.

वहिनी : दिसतंय मला कोणाचा आहे ते. बांधा मागून.

भाऊजी : प्लग काढतो आधी, पातं खाली उतरवतो. आता तुम्हाला काही झालं तर वर जाऊन दादांना काय तोंड दाखवू मी?

वहिनी : काही होणार नाही. प्लग काढलाय ना? मग कोरडी फेरी करू. एकदा नाही, तीनदा. शिकणारे कंटाळायचे आणि हे म्हणायचे, मशीन बंद असताना चुका, फुकट आहे.

भाऊजी : पाय बसवा साच्यात. टाच मागच्या ठोकळ्याला टेकली पाहिजे. टेकली? आता दोन्ही क्लॅम्प आवळा. हलवून बघा.

वहिनी : हलत नाही.

भाऊजी : फुली कुठल्या बाजूला?

वहिनी : पात्याच्या बाजूला.

भाऊजी : नक्की?

वहिनी : भाऊजी, ह्यांच्या फुलीचे तुकडे टोपलीत भरून मी वर न्यायचे आणि शेगडीत घालायचे. फुली असली की ते जळायचं. मला ह्यात घोळ होणार नाही.

भाऊजी : बरं. रेघेच्या उजवीकडे उभ्या राहा. आता ढकला. सावकाश. घाई करायची नाही, मध्ये थांबायचं पण नाही. तसंच. आता शेवटी... हात! हात मागे घ्या!

वहिनी : काय झालं?

भाऊजी : उजवा हात बघा कुठे गेला तुमचा.

वहिनी : अगं बाई.

भाऊजी : मशीन चालू असतं तर? पात्याच्या शेजारी जाऊन तुकडा उचलायला निघालात.

वहिनी : पलीकडून उभी असायची ना मी. तुकडा सुटला की उचलायचा आणि टोपलीत टाकायचा. त्या बाजूला पातं लांब असतं. हात आपोआप गेला. मला कळलंसुद्धा नाही.

भाऊजी : माझाही असाच गेला होता. तुमचा बंद करवतीवर गेला, माझा चालू करवतीवर, एवढाच फरक. बास, वहिनी. राहू द्या. हौस पुरे झाली.

वहिनी : नाही. म्हणूनच तर करतात ना कोरडी फेरी? चूक सापडली. आता तिचं करायचं काय ते सांगा.

भाऊजी : दादा रिकामा हात खिशात घालायचे. ॲप्रनच्या. मला हसू यायचं, जत्रेत फिरायला निघाल्यासारखे उभे राहतात म्हणून.

वहिनी : ते म्हणून होतं का? मला वाटायचं ऐट. परत करते. ढकलतेय. उजवा हात खिशात. खिशात काहीतरी आहे हो.

भाऊजी : काय?

वहिनी : पेन्सिल. लाल. एवढुशी राहिलीय.

भाऊजी : राहू द्या तिथेच. धरून ठेवा. हात बाहेर येणार नाही.

वहिनी : धरलीय. झाली दुसरी फेरी. आता तिसरी. बघा नीट, शेवटी साचा पात्याच्या पुढे जाईपर्यंत ढकलतेय, मग बंद, मग दहा. बरोबर?

भाऊजी : बरोबर. आता ती अंगठी काढा.

वहिनी : ही?

भाऊजी : करवतीपाशी अंगठी नाही. दादा बटणाच्या वरच्या त्या खिळ्याला लावायचे. रोज सकाळी लावायचे, जेवायला वर जाताना घालायचे. तो खिळा बघा कसा चकचकीत झालाय, बाकीचे सगळे गंजलेत.

वहिनी : माझी लग्नापासून निघाली नाही बोटातून. थोडा साबण द्या. तो नको, तो तुमच्या हात धुण्याचा काळा झालाय. असू दे, द्या. निघते बहुतेक. निघाली.

भाऊजी : लावा खिळ्याला.

वहिनी : लावली. हलकं वाटतंय बोट. विचित्रच.

भाऊजी : भीती वाटतेय?

वहिनी : वाटतेय. तुम्हाला?

भाऊजी : तुमच्यापेक्षा जास्त. थोडी भीती असावी, असं म्हणायचे दादा. ज्याची भीती गेली त्याला सुट्टी द्यायचे दिवसभर. मी पलीकडे जातो. पातं वर घेतलं, प्लग लावला. मी काही बोलणार नाही, करवत चालू असताना कोणी कोणाशी बोलायचं नाही. तुम्ही माझ्याकडे बघू नका, गाईडकडे बघा. हं. लावा.

(करवत चालू होते. थोड्या वेळाने बंद होते. पाय साच्यात फिरवून पुन्हा आवळला जातो. करवत पुन्हा चालू होते, पुन्हा बंद होते. पातं फिरत राहतं, हळू होतं, थांबतं.)

भाऊजी : ...आठ, नऊ, दहा. आता काढा.

वहिनी : तुम्हीच काढा. मी क्लॅम्प सोडते.

भाऊजी : द्या इकडे. खाचा आत. निमुळता आतून. थांबा, ते तीन आणतो. धरा हे दोन. चारही एकत्र उभे करू. आता सांगा, ह्यातला तुमचा कोणता?

वहिनी : हा.

भाऊजी : तो दादांचा दुसरा आहे.

वहिनी : मग हा असेल.

भाऊजी : हाच. टाचेशी जरासा दात उठलाय, तिथे तुमचा हात क्षणभर थांबला. पॉलिश कागदाने जाईल.

वहिनी : नका घालवू तो. राहू द्या तेवढा. नाहीतर मला कळणार कसा कुठला माझा?

भाऊजी : दादांनी घालवला असता.

वहिनी : दादांनी मला आठवडाभर दाखवला असता आणि मग घालवला असता.

भाऊजी : हे घ्या. तुमचे तुकडे. दोन निघाले. टोपली आणू?

वहिनी : कशाला?

भाऊजी : शेगडीत घालायला.

वहिनी : ह्यांच्या हातच्या शेवटच्या फुल्या आहेत त्या. शेगडीत कसली घालताय? किती जाळल्या मी, भाऊजी. रोज टोपलीभर. तेव्हा वाटायचं, ह्या काय, उद्याही येणारच आहेत. एक तुम्ही ठेवा, एक मी ठेवते.

भाऊजी : मला नको. मी परत राखायची बाजू समजून बसेन.

वहिनी : ह्या खेपेला राखायचीच आहे. घ्या. डोळे पुसा. भुसा गेला म्हणा.

भाऊजी : भुसा नाही गेला. त्यांची आठवण येते, वहिनी. सकाळी दुकान उघडलं की आधी त्या पिवळ्या रेघेकडे नजर जाते. म्हणून तर भुसा झाडत नाही तिथला. म्हटलं, करवत गेली की रेघ पण पुसून टाकू, संपेल एकदाचं.

वहिनी : मला वाटतं खिडकी उघडावी आणि करवतीचा आवाज यावा. आठ महिने एवढं शांत आहे वर की मला झोप लागत नाही दुपारची. आज मी इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकला, आणि तोही स्वतःच काढलेला.

भाऊजी : ह्या टेबलाला मात्र पाचवा नाही राहिला ढिगात. वापरला आपण.

वहिनी : आहे की. तुमचा तो उलटा. ठेवा वर. पोत्यात नको, असाच ठेवा सगळ्यांसारखा.

भाऊजी : लोक विचारतील, हा असा का.

वहिनी : विचारू देत. मी सांगीन, हा आमच्या भाऊजींचा.

भाऊजी : चारही पाय झाले. आता जोडायचं राहिलं, मग वरची फळी बसवायची. तीन-चार दिवस लागतील. एकट्याने फळी उलटी करता येत नाही, कोणीतरी लागेल धरायला.

वहिनी : धरीन मी. ओढणार नाही. बाकी त्या स्टुलाचाही पाय हलतोय म्हणाला होतात.

भाऊजी : त्याला नवा पाय करावा लागेल. निमुळताच आहे तो पण.

वहिनी : एक का, दोन कापू.

भाऊजी : आणि उद्या सकाळी तो माणूस येणार आहे करवत बघायला.

वहिनी : येऊ द्या. चहा देऊ. चालू करवत बघायला मिळेल त्याला, एवढं सांगितलंच आहे तुम्ही फोनवर. जाते मी, स्वयंपाक राहिलाय सगळा. तुम्हीही वरच या जेवायला.

भाऊजी : वहिनी, अंगठी राहिली खिळ्याला.

वहिनी : असू द्या. सकाळी परत साबण कोण लावत बसेल.